मदत हवी आहे: २५-२६ नोव्हेंबरला गारपीट दाखवतंय, मॉडेल नक्की कसं वाचायचं?

बागायतदार_निफाड | १७ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यात तीन एकर द्राक्ष आहे, थॉमसन. छाटणी ८ ऑक्टोबरची, म्हणजे २५ तारखेला बाग बरोबर ४८ दिवसांची होईल, ऐन सेटिंग, म्हणजे मणी धरायची वेळ. आता मुद्द्याचं. रोज रात्री जेवण झालं की विंडी हे हवामानाचं ॲप उघडून बसायची सवय लागलीय, परवा त्यात जीएफएसवर (हवामानाचं अमेरिकन संगणकी मॉडेल) २५ संध्याकाळ ते २६ दुपार नाशिक जिल्ह्यावर मोठा लालभडक पट्टा दिसला, विजेचं चिन्ह वगैरे सगळं. काल सकाळी बघितलं तर पट्टा गुजरातवर. काल रात्री गायबच. आज सकाळी परत आला, तोही थेट आमच्या डोक्यावर. आणि ईसीएमडब्ल्यूएफ, म्हणजे युरोपचं मॉडेल, लावलं की नुसते ढग, पाऊस शून्य. मग खरं कोण बोलतंय?

तारीख बघून पोटात गोळा आला हे कबूल करतो. २६ नोव्हेंबर २०२३ चा रविवार आमच्याकडे कोणी विसरलेलं नाही. त्या वर्षी छाटणी सप्टेंबरअखेरची होती, मणी ज्वारीएवढे झालेले, दुपारनंतर आभाळ हिरवट काळं झालं आणि वीस मिनिटांत खेळ खलास. दुसऱ्या दिवशी बागेत गेलो तर पानांची चाळण, घडांना एका बाजूनेच मार, पश्चिमेकडून आलेल्या गारा, पूर्वेची बाजू तशीच हिरवीगार. ते बघून जास्त वाईट वाटलं.

प्रश्न असा की तीनपैकी एका एकरावर प्लॅस्टिक कव्हर आहे, सध्या गुंडाळून ठेवलंय. उघडून ताणायला आठ-दहा माणसं आणि अख्खा दिवस जातो, मजूर आत्ता सांगितले तर तीन दिवसांनी मिळतात. उगाच ताणून ठेवलं तर आत दमट होतं, भुरी (बुरशीचा रोग) येते, आणि नुसता वारा सुटला तर कागद फाटून सांगाड्यासकट जातो. वर काढणीला आलेला लाल कांदा अर्धा एकर आहे तो वेगळाच. म्हणजे मला किमान चार दिवस आधी कळायला पाहिजे. यूट्यूबवाल्यांचं नाव काढू नका, त्यांच्याकडे दर आठवड्याला गारपीट असते. मला स्वतःला बघता आलं पाहिजे. नेमकं काय बघू?

कांदेपोहे | १७ नोव्हेंबर, रात्री १०:१५

दादा एवढ्या लांबचं बघूच नका. आमच्याकडे सटाण्याला एकाने मॉडेल बघून कच्चा कांदा काढला, ऊन पडलं कडक. आता गावात त्याला सॅटेलाइट म्हणतात.

आकाशवेडा_पुणे | १७ नोव्हेंबर, रात्री ११:०५

@बागायतदार_निफाड, हवामान माझा धंदा नाही, पण पंधरा वर्षांचं वेड आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, पावसाचा रंग बघणं बंद करा. नऊ दिवसांवरचा पावसाचा रंग म्हणजे मॉडेलने मारलेला एक खडा आहे, तो दर सहा तासांनी नवा मारतो. जीएफएस दिवसातून चार वेळा चालतो, त्यातला पहिला रन (म्हणजे गणिताची एक फेरी) आपल्या पहाटे साडेपाचच्या निरीक्षणांवर, तो सकाळी नऊ-साडेदहाच्या दरम्यान दिसतो. ईसीएमडब्ल्यूएफचा त्याच वेळचा रन दुपारी बाराच्या आसपास येतो. तुम्ही रात्री एक, सकाळी एक असं बघताय, त्यामुळे प्रत्येक वेळी वेगळा रन आणि वेगळं चित्र. पट्टा पळतोय असं वाटतं, प्रत्यक्षात मॉडेलला अजून ठरवता आलेलं नाही एवढाच त्याचा अर्थ.

दुसरं म्हणजे गार मॉडेलला दिसतच नाही. ईसीएमडब्ल्यूएफची जाळी, म्हणजे हिशेबाच्या दोन ठिकाणांमधलं अंतर, ९ किलोमीटरची, जीएफएसची मूळ १३, आणि आपल्याला ॲपवर मिळतो तो त्याहून ढोबळ. गारपिटीचा ढग पाच-सात किलोमीटरचा. म्हणजे मोठ्या भोकाच्या चाळणीने मोहरी चाळायची. मॉडेल एवढंच सांगू शकतं की त्या दिवशी हवा गारपिटीला तयार आहे की नाही. पिंपळगावला पडेल की लासलगावला, हे सांगणारं मॉडेल अजून व्हायचंय.

मग बघायचं काय, तर साहित्य. नोव्हेंबरात आपल्याकडे वारं ईशान्येचं, कोरडं, दवबिंदू (हवेतल्या ओलीचं माप) १२-१५ अंशांवर. अशा हवेत ढग होत नाहीत. गारपीट व्हायची तर आधी समुद्राकडून ओल यायला हवी. विंडीत उंचीचा सरकपट्टा ८५० हेक्टोपास्कलला न्या, म्हणजे समुद्रसपाटीपासून साधारण दीड किलोमीटर, तुमच्या बागेपासून नऊशे मीटर वर. तिथला वारा ईशान्येचा सोडून दक्षिण किंवा आग्नेयेचा झाला आणि जमिनीवरचा दवबिंदू १८-२० ला टेकला तर कान टवकारा. मग ५०० हेक्टोपास्कलवर जा, म्हणजे साडेपाच-सहा किलोमीटर उंचीवर. तिथे उत्तरेकडून पश्चिमी वाऱ्यांची द्रोणी (कमी दाबाचा लांबट पट्टा) राजस्थान-गुजरातपर्यंत खाली लोंबतेय का बघा, आणि तिथलं तापमान नेहमीच्या उणे सहा-सातऐवजी उणे दहाकडे जातंय का. खाली ओली गरम हवा, वर थंड. ही दोन्ही एकाच दिवशी एकाच जागी भेटली तरच गंमत. २०२३ ला नेमकं तेच झालं होतं, वरून द्रोणी आणि खालून अरबी समुद्राची ओल, आणि त्याच दिवशी गुजरातेत विजा पडून वीसहून जास्त माणसं गेली.

नुसती ओल आली आणि वरची द्रोणी चुकली तर रिपरिप होते. त्यानेही नुकसान होतं बरं का, डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला पुणे-नगर भागात गार नव्हती, फक्त थंड पाऊस आणि वारा, तरी हजारो मेंढ्या गारठून मेल्या.

बागायतदार_निफाड | १८ नोव्हेंबर, सकाळी ७:२०

खूप आभार सर. ८५० चं लगेच बघितलं, २५ ला जीएफएसमध्ये वारा दक्षिणेचा आहे, ईसीएम मध्ये पूर्वेचा. ते केप नावाचं पण आहे त्यात, ते किती पाहिजे? जीएफएस १४०० दाखवतोय.

हंट्सव्हिलकर | १८ नोव्हेंबर, सकाळी ८:०२

इथे मध्येच बोलतो. मूळचा येवल्याचा, सध्या अलाबामात. आमच्याकडे नोव्हेंबर म्हणजे टॉर्नेडोचा दुसरा सीझन. वसंतातला मोठा, हा धाकटा, पण धाकटाही चावतो, १५ नोव्हेंबर १९८९ ला याच गावात ऑफिस सुटायच्या वेळी आला आणि २१ माणसं गेली. सांगायचं कारण, इथेही लेट ऑटममध्ये केप, म्हणजे ढग वर फुगवायला हवेत असलेली ऊर्जा, कमीच असतो, कधी ५०० सुद्धा नसतो, लोक म्हणतात काही होत नाही, आणि मग होतं. कारण वर जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावरचा जोरदार वारा, बोंबलत असतो. तेव्हा केपसोबत शिअर बघा, जमिनीपासून सहा किलोमीटरपर्यंत वारा किती बदलतो ते. ४० नॉटच्या वर गेला की ढग लवकर मरत नाही, फिरायला लागतो, आणि गार मोठी करायला त्याला वेळ मिळतो.

आणि एक. इथलं सरकारी वादळ केंद्र चौथ्या ते आठव्या दिवसाचा नकाशा रोज काढतं. त्यांच्याकडे काय नाही सांगा, तरी त्यावर कितीतरी दिवस सरळ लिहिलेलं असतं की अंदाज करण्याइतपत खात्री नाही. तुम्ही नवव्या दिवसाचं विचारताय भाऊ.

आकाशवेडा_पुणे | १८ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

शिअरचं शंभर टक्के बरोबर. मे महिन्यात आपल्याकडे केप तीन हजार असतो आणि शिअर नसतो, वळीव अर्ध्या तासात धडाधड कोसळून संपतो. नोव्हेंबरात उलटं. म्हणून १४०० हा आकडा मी नुसताच बघणार नाही. फक्त अमेरिकेतले ते तयार निर्देशांक, टॉर्नेडोचे वगैरे, इथे जसेच्या तसे लावू नका, ते तिकडच्या सपाट मैदानांवर बेतलेले आहेत, आपल्या पश्चिमेला सह्याद्री उभा आहे.

@बागायतदार_निफाड आणखी एक थर आहे विंडीत, शून्य अंशाची पातळी. पावसाळ्यात ती पाच किलोमीटरच्या वर असते, म्हणून एवढे ढग असूनही गारा वाटेतच वितळतात. द्रोणी आली की ती चारच्या आसपास येते. मग गारेला वितळायला अंतरच उरत नाही. आणि आपल्या गावावर बोट दाबून धरा, साउंडिंग येईल, म्हणजे उंचीनुसार हवेचा आलेख. लाल रेघ तापमानाची, निळी दवबिंदूची. खाली दोन्ही चिकटलेल्या आणि मध्यावर निळी एकदम डावीकडे पळालेली दिसली की मला झोप लागत नाही.

कृषीकन्या_दिंडोरी | १८ नोव्हेंबर, दुपारी १:१०

हे सगळं शिका दादा, पण निर्णय एका रेघेवर घेऊ नका. माझे वडील आणि मी तीन वर्षं वही ठेवतोय. एका पानावर एक तारीख, रोज दुपारी एकदाच बघायचं, जीएफएस काय म्हणतं, ईसीएम काय म्हणतं, हवामान खात्याच्या जिल्ह्याच्या इशाऱ्याचा रंग कोणता. सलग चार दिवस दोघं एकच बोलले तर ते खरं धरायचं. एकच मॉडेल ओरडतंय आणि दुसरं गप्प, तर आम्ही नाही हलत. पाच दिवसांच्या पलीकडे फक्त मजुरांच्या मुकादमाला फोन करून ठेवायचा, की बाबा लागलीच तर येशील का. फोनला पैसे लागत नाहीत.

पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने केलेली भारत फोरकास्ट सिस्टिम मे २०२५ पासून हवामान खात्याकडे सुरू आहे, तिची जाळी ६ किलोमीटर. ती पण बघत जा.

आणि कव्हर ताणाल तर बाजू उघड्या ठेवा. आमचं एकदा गारपिटीने नाही गेलं, भुरीने गेलं.

बागायतदार_निफाड | २१ नोव्हेंबर, दुपारी २:४५

वही सुरू केली. बायको म्हणते आता पंचांगही लिहा. तर आज चौथं पान:
जीएफएस: २६ ला दुपारी, केप ९००, वारा ८५० ला आग्नेयेचा.
ईसीएम: काल पहिल्यांदा पाऊस दाखवला, आजही आहे, पण ५-६ मिलिमीटर. ८५० आता दक्षिणेचा झालाय त्यातही.
५०० ला द्रोणी आहे, पण सर मला ती खूप उत्तरेला वाटते, उदयपूरच्या वर. तापमान आपल्यावर उणे ७. शून्याची पातळी ४.६ किलोमीटर.
म्हणजे ओल येतेय आणि वरचा माल येत नाहीये, असं मी वाचलं तर बरोबर आहे का?

आकाशवेडा_पुणे | २१ नोव्हेंबर, दुपारी ४:१०

अहो तुम्ही तर पास झालात. बरोबर वाचलंत. आता फक्त एक बघायचं, द्रोणी खाली सरकते का. त्यासाठी एन्सेम्बल बघा. ईसीएमचं तेच मॉडेल पन्नास वेळा थोडी थोडी सुरुवात बदलून चालवतात. पन्नासांपैकी चाळीस रेघा एकत्र असतील तर भरवसा, झाडूसारख्या पसरल्या असतील तर नाही. मी आत्ता बघितलं, पावसाच्या रेघा बऱ्याच एकत्र आहेत, पण सगळ्या दहा मिलिमीटरच्या आतच. आजची माझी मतं: ढग ९०, पाऊस ६०, गार १० टक्के. हे माझे अंदाजपंचे आकडे आहेत, कुठल्या खात्याचे नाहीत.

बागायतदार_निफाड | २१ नोव्हेंबर, संध्या. ६:३०

दहा टक्के पण माझ्या बागेवर पडले तर शंभरच की सर.

आकाशवेडा_पुणे | २१ नोव्हेंबर, रात्री ८:५०

खरंय. म्हणून कव्हरचं मी सांगणार नाही, ते तुमचं. कांद्याचं मात्र सांगतो, काढा. गार नसली तरी पाऊस आहे, आणि काढलेला कांदा झाकायला एक ताडपत्री पुरते.

हंट्सव्हिलकर | २२ नोव्हेंबर, सकाळी ६:४०

शेवटच्या दिवशी मॉडेल बंद करा आणि आभाळ बघा. इथे आम्हाला ३ किलोमीटरचं मॉडेल दर तासाला नवं मिळतं, ते फक्त अमेरिकेपुरतंच आहे, तरी दुपारनंतर सगळे रडारच बघतात.

कृषीकन्या_दिंडोरी | २२ नोव्हेंबर, सकाळी १०:००

रडारचं आमच्याकडे जपून. मुंबईचं रडार नाशिकपासून दीडशे-एक किलोमीटर, मध्ये घाट, बीम इथे पोचेपर्यंत जवळपास तीन किलोमीटर वर गेलेला असतो, खालचं काही दिसत नाही. त्यापेक्षा इन्सॅट उपग्रहाचे फोटो बघा, पश्चिमेला पांढराशुभ्र गोळा एकदम फुगताना दिसला की समजायचं. सोबत हवामान खात्याचा तीन तासांचा तात्काळ इशारा, आणि दामिनी ॲप, ते वीस-चाळीस किलोमीटरवरची वीज दाखवतं. बागेत माणसं असतील तर दामिनीकडे लक्ष ठेवाच, घड परत येतात, माणूस नाही.

बागायतदार_निफाड | २४ नोव्हेंबर, रात्री ९:१५

निर्णय झाला. कांदा काल काढून झाकला. जिल्ह्याचा रंग पिवळा आहे, विजांसह हलका पाऊस. द्रोणी खाली आलीच नाही, दोन्ही मॉडेल आता एकाच सुरात, गार नाही. कव्हर ताणत नाही. मुकादमाला नाही म्हणून कळवलं, तो म्हणाला बरं झालं, माझ्या पोरीचं हळदीचं आहे त्या दिवशी. रात्रभर झोप लागणार नाही ते वेगळं.

बागायतदार_निफाड | २७ नोव्हेंबर, सकाळी ८:५०

२५ ला दिवसभर मळभ. २६ ला दुपारी साडेतीनला पश्चिमेला काळं झालं, दामिनीत त्र्यंबककडे दोन ठिपके आले, मी अंगणात उभा, हातात मोबाईल, वडील म्हणतात घरात ये आधी. दहा मिनिटं थेंब पडले, माती भिजली नाही, नुसता वास सुटला. बस.

पण आज पहाटे असं धुकं आणि दव आहे की ब्लोअरचा दिवा लावून फिरलो तर पानावरून पाणी ठिबकतंय, आणि तिसऱ्या ओळीत दोन पानांच्या मागे पांढरी डावणी (बुरशीचा रोग) दिसली. नऊ वाजता फवारणी लावतोय. @आकाशवेडा_पुणे, पहाटेचं दव आणि धुकं किती वाजेपर्यंत टिकेल, हे विंडीत कुठल्या थरात बघायचं?