सगळं फाइव्ह-ईतच बसवायचं, तर नवी सिस्टम शोधता कशाला?

आशेवाडीचा_पहारेकरी:
परवा आपल्या रोलप्लेइंगच्या ग्रुपवर (पात्रं घेऊन, फासे टाकून गोष्ट खेळतो ते) एकाने लिहिलं, "नवी सिस्टम शिकणं म्हणजे वेळेची नासाडी. डी अँड डी सगळ्यांना येतं. गोष्ट काय ती खेळ चालवणाऱ्या डीएमने बदलावी, नियम तेच ठेवावेत." त्याखाली धडाधड अंगठे. मी गप्प बसणार होतो, पण त्या अंगठ्यांनी डोकं फिरवलं.

जुनं कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकींची सलग गोष्ट, संपलंय, पुढचं काहीतरी वेगळं हवं असं सगळेच म्हणतात. मी सुचवलं आपल्या नाशिकजवळच्या रामशेज गडाचा वेढा. १६८२ साली मुघल फौज गडाखाली येऊन बसली आणि मूठभर शिबंदीने तो वर्षानुवर्षं झुंजवला. वेढ्यात खेळण्यासारखं काय असतं? कोठारात धान्य किती उरलं, टाक्यातलं पाणी कधी आटणार, रात्री दोर सोडून खाली कोण उतरणार, आणि त्यातला कोण फितूर होणार.

आता हे फाइव्ह-ईत, म्हणजे डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीत, बसवून दाखवा. पहिल्या लेव्हलचा ड्रुइड (निसर्गाची जादू करणारा) गुडबेरीचा मंत्र टाकतो. दहा बोरं, एका बोरावर एक माणूस दिवस काढतो. पाचव्या लेव्हलला क्लेरिक (देवाच्या बळावर जादू करणारा, जखमा बऱ्या करणारा) एका स्पेलमध्ये पंधरा जणांची पंगत उठवतो. लाँग रेस्ट, म्हणजे रात्रभराची विश्रांती, झाली की सकाळी सगळे हिट पॉइंट परत. खाली मुघल बसून कंटाळले, वर शिबंदी ढेकर देतेय. याला वेढा म्हणायचं?

म्हणून ब्लेड्स इन द डार्क हा दुसरा खेळ. कागदावर गोल काढायचा, आठ भाग पाडायचे, वर 'धान्य' लिहायचं. काही फसलं की एक भाग काळा. फासे साधे सहाचे, त्यातला मोठा आकडा धरायचा. सहा आला तर फत्ते, चार-पाच आला तर काम होतं पण वसुलीही होते. दोन फासे टाकले तर साफ आपटण्याची शक्यता चारात एक, निर्भेळ यश तीनात एकापेक्षाही कमी. बाकी सगळं 'जमलं, पण...'. गडावर असंच चालतं.

वीसचा_फासा:
ते वाक्य माझं. नाव घेतलं असतंस तरी चाललं असतं.

गुडबेरी नको? काढून टाक. ड्रुइड नाही, क्लेरिक नाही, लाँग रेस्टला आठवडा. झालं. एवढ्यासाठी तीनशे पानांचं नवं पुस्तक मी वाचू? कारण वाचणार मीच. आपल्या टेबलावर एक महाभाग आहे, इतकं कॅम्पेन खेळून अजून विचारतो, "बोनस अ‍ॅक्शन म्हणजे काय रे?" त्याला तू ब्लेड्समधलं पोझिशन आणि इफेक्ट, म्हणजे धोका किती नि परिणाम किती, ते समजावणार?

कॉल ऑफ क्थुलू हा भयकथांचा खेळ चालवून बघितलाय मी. इंदिरानगरला, दिवे घालवून, पार्श्वसंगीत लावून. तळघरातून काहीतरी वर येतंय, पळायला हवं, सॅनिटी, म्हणजे डोकं ताळ्यावर असण्याचा आकडा, घसरतेय. आणि आपले वीर काय म्हणाले? "इनिशिएटिव्ह टाकू का?" म्हणजे लढाईत पहिली पाळी कुणाची! सिस्टम बदलली, माणसं तीच.

आणि ब्लेड्स हा चोरांच्या टोळीचा खेळ आहे. घरफोड्या करणाऱ्यांचे नियम तू किल्लेदाराला लावणार, म्हणजे तूही मोडतोड करणारच. मग माझ्याच मोडतोडीवर एवढा राग का?

आशेवाडीचा_पहारेकरी:
ड्रुइड काढ, क्लेरिक काढ, रेस्ट बदल. मग विझार्डही काढ, नाहीतर पाचव्या लेव्हलला तो फायरबॉल टाकून मुघलांचा अख्खा मोर्चा भाजतो. उरलं काय? फायटर आणि रोग (म्हणजे चोर). त्याला फाइव्ह-ई म्हणायचं ते कव्हरवर लिहिलंय म्हणून.

जेलरोडकर:
सिस्टम कुठलीही घ्या, आधी जागा बदला. दर वेळी गंगापूर रोडच का? मी जेल रोडवरून निघतो, द्वारकेला अडकतो, पुढे मुंबई नाक्याला परत अडकतो. पोचेपर्यंत पहिली लढाई संपलेली असते आणि माझा पॅलाडिन 'मागे उभा होता' म्हणून ठरवलेलं असतं.

कॉलेजरोड_बार्ड:
लवकर निघत जा.

जेलरोडकर:
वा! हे सुचलंच नव्हतं. साहेब, तुम्ही घरून चालत येता, तेही चप्पल घालून. सिंहस्थाच्या कामांनी रस्ते कुठे कुठे उकरलेत ते एकदा गाडी काढून बघा. मागच्या वेळी मी पोचलो तर माझ्या वाटणीची जादूची तलवार बार्डने घेतलेली. बार्डने! ज्याने आख्ख्या कॅम्पेनमध्ये वार केला नाही, नुसती इन्स्पिरेशन वाटत बसला.

कॉलेजरोड_बार्ड:
तलवार वादळी वातावरणात पडली होती, कुणीतरी उचलायलाच हवी होती. आणि कॅफेतल्या कोल्ड कॉफीचे पैसे तुम्ही अजून दिले नाहीत, ते काढू का इथे?

जेलरोडकर:
काढा. मी पंधरा मिनिटं बसलो असेन, त्यात निम्मा बर्फ होता.

खिसा_फाटका:
पैशांचं निघालंच आहे तर बोलतो. २०२३ च्या जानेवारीत डी अँड डीवाल्या कंपनीने इतरांना नियम वापरू देणारा परवाना बदलायचा घाट घातला, जगभरातून शिव्या खाल्ल्या आणि शेवटी मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये, म्हणजे कुणालाही वापरायला खुले, टाकले. पुढच्याच वर्षी सुधारित पुस्तकं काढली, म्हणजे २०१४ वाली कपाटात असताना परत तीच विकत घ्या. मी नाही घेणार. पाथफाइंडर टू या दुसऱ्या खेळाचे नियम ऑनलाइन फुकट आहेत, रीतसर. आयर्नस्वॉर्नची पीडीएफ फुकट. क्थुलूचं क्विकस्टार्ट फुकट. ब्लेड्सचे मूळ नियमसुद्धा साइटवर वाचता येतात. नवीन काही करायचं म्हटलं की 'खर्च होतो' हे कारण तरी सांगू नका.

वीसचा_फासा:
खर्चाचं कोण बोललं? मी वेळेचं बोललो. पाथफाइंडर टू तर नकोच, ज्याला फाइव्ह-ईत हिशेब कमी पडतो त्याच्यासाठी आहे ते.

खिसा_फाटका:
दर टर्नला तीन अ‍ॅक्शन, कशाही वापरा. तुमच्या त्या महाभागाला बोनस अ‍ॅक्शन समजावण्यापेक्षा हे सोपं आहे. पण वाचलंय कुणी?

कॉलेजरोड_बार्ड:
जेलरोडकरांसाठी आयर्नस्वॉर्न बरं. जीएम, म्हणजे खेळ चालवणारा, लागत नाही, एकट्याने खेळता येतं. द्वारकेच्या सिग्नलला गाडीतच.

जेलरोडकर:
हा विनोद होता का? तसं असेल तर पुढचं कॅम्पेन तुमचं तुम्ही खेळा. मी निघालो.

पेठरोडची_पिशाच्ची:
निघू नका काका, थांबा. आणि बार्ड, तू जरा गप्प बस.

पहारेकरी, तू ब्लेड्स म्हणतोस ते चुकीच्या फांदीवर बसून. त्याच नियमांवर बँड ऑफ ब्लेड्स नावाचा खेळ आहे, २०१९ चा. हरलेली पलटण माघार घेत निघालीय, मागे मुडद्यांची फौज. खेळाडूंपैकी एकजण कमांडर, एक मार्शल, एकाकडे कोठार. रसद, मनोधैर्य, वेळ, सगळ्याचा हिशेब नियमातच आहे. मुडद्यांच्या जागी मुघल आणि वाटचालीच्या जागी गड, एवढंच बदलायचं. वीसचा फासा म्हणतो ती मोडतोड निम्म्याने कमी.

दुसरं म्हणजे तिथे प्रत्येकाचा एकच ठरलेला हिरो नसतो. मोहिमेला तुकडीतला कुठला शिपाई न्यायचा ते दर वेळी ठरतं. काका द्वारकेला अडकले, तर त्यांचा माणूस त्या रात्री दुसऱ्या बुरुजावर पहाऱ्याला. कुणाची तलवार कुणी ढापायचा प्रश्न नाही.

आशेवाडीचा_पहारेकरी:
हे मला माहीत होतं, पण आधी सोपं सुचवावं म्हटलं.

वीसचा_फासा:
हो, दिसलंच.

बरं. कोठार सांभाळायला एक खेळाडू असेल आणि डीएमला प्रत्येक भाकरी मोजावी लागणार नसेल, तर एका बैठकीत संपणारा एक वनशॉट मी सहन करीन. तेवढंच. कॅम्पेनचा शब्द काढायचा नाही. वाचन पहारेकऱ्याने करायचं, शीट त्याने छापायची, नियम अडला तर मोबाइलमध्ये डोकं घालून दहा मिनिटं शोधत बसायचं नाही. आणि तो रामशेजच्या लाकडी तोफांचा किस्सा सांगून अर्धा तास खायचा नाही. आम्हीही नाशिकचेच आहोत, ऐकलाय.

आशेवाडीचा_पहारेकरी:
किस्सा पाचच मिनिटांचा आहे.

वीसचा_फासा:
मी क्लेरिक घेणार.

पेठरोडची_पिशाच्ची:
त्यात क्लेरिक नाही.

वीसचा_फासा:
मग बरं करणारं कोण?

पेठरोडची_पिशाच्ची:
कुणी पटकन नाही. जखम राहते, नाहीतर शिपाई मरतो, दुसरा घ्यायचा.

खिसा_फाटका:
आणि ते पुस्तक फुकट आहे का, हे कुणीच सांगितलं नाही.

आशेवाडीचा_पहारेकरी:
मी घेतो विकत. आता तरी?

जेलरोडकर:
माझ्या घरी असेल तर येतो. पार्किंग नाही, लिफ्ट बंद आहे, चौथा मजला. बार्डने मुद्दाम लवकर निघावं.