मदत हवी आहे: बैलांच्या पितळी शेंब्या घरी ओतायच्या आहेत, साचा वाळूचा करू की मातीचा?

येरळाकाठ:

नमस्कार मंडळी. गाव विट्याजवळ, सांगली जिल्हा. घरी खिलार जोडी आहे आणि यंदा बेंदराला शिंगांच्या पितळी शेंब्या स्वतः ओतून करायच्या असं डोक्यानं घेतलंय. बाजारात मिळतात त्या ठरावीक मापाच्या. आमच्या एका बैलाचं शिंग टोकाला बारीक आहे, तिथं चिंध्या कोंबून शेंबी बसवावी लागते आणि मिरवणुकीत ती हमखास गळते.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: शेंबी म्हणजे पोकळ शंकू, टोकाला गाठ, गाठीच्या भोकात गोंडा अडकवायचा. माझी उंची ८० मिमी, भिंतीची जाडी ३ मिमी धरली आहे. गॅस बर्नरची भट्टी आहे, ग्रॅफाइटची मूस (धातू वितळवायचं भांडं) आणली, लाकडी पॅटर्न, म्हणजे साच्यात ठसा उमटवायचा शेंबीचा नमुना, लेथवर करून घेतला.

हात बसावा म्हणून आधी अ‍ॅल्युमिनियमचे साधे भरीव ठोकळे ओतून बघतोय. नदीची वाळू चाळून घेतली, तिच्यात शेतातली काळी माती कालवली, पाणी मारलं. साचा छान उभा राहतो, कडा धरतो. पण तुकडा बाहेर काढला की वरच्या अंगाला भोकं.

आता आमचे कुंभारकाका म्हणतात, "मातीचा साचा कर, मी आव्यात भाजून देतो." कुपवाडला फाउंड्रीत असलेला मावसभाऊ म्हणतो मातीच्या नादी लागू नकोस, ग्रीन सँडच कर, म्हणजे चिकणमाती कालवलेली ओलसर, न भाजलेली वाळू. दोघंही आपापल्या कामात पक्के, त्यामुळे कुणाला नाही म्हणू कळेना.

विचारायचं ते असं: वाळू की माती? वाळू बांधायला फाउंड्रीत बेंटोनाइट नावाची चिकणमाती घालतात, तिच्याऐवजी काळी माती चालते का? गणपतीची शाडू बरीच उरली आहे, ती कामाला येईल का? आणि आतली पोकळी कशानं पाडायची?

माणदेशी_गडी:

खरसुंडीच्या यात्रेत शेंब्यांची जोडी मिळते की राव. एवढा कुटाणा कशाला?

येरळाकाठ:

मिळते हो, मापाची मिळत नाही. आणि कुटाण्याची हौस आहे हे खरं कारण.

जुना_मोल्डर:

शिरोलीत नोकरी झाली, आता सांगलीत घरी असतो. वाळू-माती नंतर बघू. आधी भोकाचा तुकडा हॅकसॉनं मधोमध काप आणि सांग आत काय दिसतं. सगळ्या अंगभर टाचणीएवढी गोल भोकं असतील तर दोष धातूचा. वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम ओलाव्यातला हायड्रोजन पितं आणि गोठताना बाहेर टाकतं. तेलकट भंगार, ओली सळई, गरजेपेक्षा जास्त तापवणं, सगळ्यानं ते होतं. जाड भागाच्या पोटात खडबडीत, वेडीवाकडी पोकळी असेल तर ती आकसण्याची, रायझर, म्हणजे आकसताना धातू पुरवणारा वरचा जादा साठा, कमी पडला. आणि कातडीच्या लगेच खाली मोठी, आतून गुळगुळीत पोकळी असेल तर ती साच्यातल्या वाफेची. तिघांचे उपाय वेगवेगळे.

येरळाकाठ:

कापला. वरच्या कातडीखाली हरभऱ्याएवढ्या पोकळ्या, आतून चकाकतात. खालचा अर्धा भाग घट्ट आहे.

जुना_मोल्डर:

मग धातू बरा आहे, तुझा साचा श्वास घेत नाही.

काळ्या मातीचं सांगतो. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट असतं, बेंटोनाइटमध्येही मुख्य तेच. पाणी प्यायलं की फुगतं, वाळलं की आकसतं, म्हणून उन्हाळ्यात रानात भेगा पडतात. चिकटपणा येतो तो त्याच्यामुळे, आणि म्हणूनच तुझा साचा उभा राहिला. पण रानातल्या मातीत त्याच्यासोबत गाळ, कुजलेला पालापाचोळा आणि चुनखडीचे कण येतात. बेंटोनाइट वाळूच्या ८-१० टक्के पुरतं. काळी माती तेवढीच पकड द्यायला कितीतरी जास्त लागते, ती जास्त म्हणून पाणी जास्त, आणि गाळ वाळूच्या कणांमधल्या फटी बुजवतो. पाण्याची वाफ झाली की सोळाशे-सतराशे पट जागा मागते. तिला वाळूतून वाट नाही मिळाली की ती धातूत शिरते.

वाळूचीही गडबड आहे. आपल्याकडच्या नदीची वाळू म्हणजे बरीचशी झिजलेली बसाल्ट, मधे शिंपल्यांचा चुरा. चिमूटभर वाळूवर बाथरूमच्या अ‍ॅसिडचे दोन थेंब टाक, फसफसली तर चुना आहे. अ‍ॅल्युमिनियम ७०० ते ७५० अंशाला ओततोस, तिथं चालून जाईल. पितळ हजाराच्या पुढं ओतावं लागेल आणि त्या उष्णतेला चुना फुटून कार्बन डायऑक्साइड सोडतो. क्रश सँडही नको, तिच्यात दगडाची भुकटी फार. कासार्ड्याची सिलिका वाळू फाउंड्रीला माल पुरवणाऱ्यांकडे मिळते, मावसभावाला सांग एक पोतं आण म्हणावं. बेंटोनाइट तिथंच मिळेल, नाहीतर अर्थिंगचं सामान विकणाऱ्याकडे.

प्रमाण: १० किलो कोरडी वाळू, ८०० ग्रॅम ते १ किलो बेंटोनाइट. आधी कोरडंच कालव. मग ३०० ते ४०० मिली पाणी शिंपडत शिंपडत, पायानं तुडव, गोणीखाली रात्रभर झाकून ठेव, सकाळी चाळ. मुठीत दाबली की बोटांचे ठसे उमटले पाहिजेत, मोडली की कडा न ढासळता दोन तुकडे झाले पाहिजेत, आणि तळहात ओला दिसता कामा नये. बहुतेक नवशिके इथं पाणी जास्त घालतात, कारण ओली वाळू हाताला बरी वाटते.

पॅटर्नवर फ्रेंच चॉक (शंखजिऱ्याची पूड) मार, म्हणजे वाळू चिकटत नाही. पेटी, म्हणजे वाळू ठोकायची चौकट (खालची आणि वरची अशा दोन असतात), भरून झाली की सायकलच्या आरीनं वरून टोचून वाफेला वाटा कर, पॅटर्नच्या बोटभर अलीकडे थांबायचं.

मूस_आणि_मेण:

मी साताऱ्याचा, मेणाचा नमुना मातीत लपेटून, मेण वितळवून काढून त्या जागी धातू ओततो, अशा मूर्ती करतो, म्हणून कुंभारकाकांची बाजू मांडतो. माती वाईट नाही, तिचं काम वेगळं.

मातीचा साचा पूर्ण भाजून लालबुंद असतानाच त्यात धातू ओतता येतो. ग्रीन सँडमध्ये ते शक्यच नाही. गरम साच्यात पितळ लवकर गोठत नाही, पातळ नक्षीच्या टोकापर्यंत पोचतं. बस्तरचे ढोकरा कारागीर मेणाच्या तारांनी केलेली जाळीदार नक्षी ओततात ती याच जोरावर. पहिला थर अगदी तलम, गाळलेली माती, शेण आणि कोळशाची पूड. त्यावर जाड थर, त्यात भाताचा तूस. भाजताना शेण आणि तूस जळून जातं, बारीक छिद्रं उरतात आणि हवा तिथून निघते. नुसत्या मातीला ती छिद्रं नसतात, शिवाय वाळताना ती इतकी आकसते की मेणाभोवती तडकते. तुमचे कुंभारकाका मडक्याच्या मातीत लीद आणि राख कालवत असतील, त्यांना हे सांगायची गरज नाही.

वाईजवळ मेणवलीला घाटावर मोठी पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे, चिमाजी अप्पांनी १७३९ ला वसई घेतली त्यानंतर आलेली. युरोपात त्या काळी मोठ्या घंटा मातीच्याच साच्यात ओतत, माती, वाळू, शेण, जनावरांचे केस असलं मिश्रण करून. एकच नग, नक्षीदार, मोठा असेल तर माती झक्कास. पण प्रत्येक नगाला नवं मेण, नवा साचा, नवी भाजणी, आणि साचा फोडूनच माल बाहेर काढायचा. तुम्हाला चार सारख्या शेंब्या हव्यात, नक्षी नाही, शंकू सरळ सुटणारा. मी तुमच्या जागी असतो तर वाळूच घेतली असती.

शाडू गणपतीला राहू द्या. तलम आहे, वाळताना आकसते, आणि हवा अजिबात सोडत नाही. मातीच हवी असली तर फायर क्ले घ्या, साखर कारखान्यांच्या बॉयलरला लागते त्यामुळे सांगलीत मिळायला अडचण नाही. भट्टीच्या अस्तरालाही तीच वापरा.

एक मात्र जिवाशी गाठ आहे. मातीचा साचा बाहेरून वाळलेला दिसतो आणि आत ओल असते. ग्रीन सँडमधली वाफ फटींतून पळते, मातीतली कोंडते आणि धातू उडवते. आव्यातून नीट भाजून निघालेला नसेल तर हात लावू नका.

येरळाकाठ:

दोघांचेही आभार. म्हणजे बाहेरचा साचा वाळूचा, ठरलं. आतली पोकळी पाडायला साच्यात ठेवायच्या गाभ्याचं काय? ग्रीन सँडचाच उंच बारीक शंकू करून पाहिला, उचलताना मोडतो.

गुऱ्हाळघर:

गाभा काकवीचा करा! सिलिका वाळू, थोडं बेंटोनाइट, आणि पाण्यात पातळ केलेली काकवी. वाळू ओलसर होण्यापुरतीच. पत्र्याच्या शंकूत ठोकून भरायचं, मधून तार घालून ठेवायची. जरा सुकलं की ओव्हनला २०० अंशाच्या आसपास भाजायचं, रंग गडद तपकिरी होईपर्यंत. वास कढईला गूळ लागल्यासारखा येतो. गार झाल्यावर तार ओढली की मधे वाफेची नळी तयार. ओतल्यावर काकवी जळून जाते, गाभा आपोआप भुसभुशीत होतो, खिळ्यानं टोकरून निघतो. आमच्याकडे पाण्याच्या पंपाचे सुटे भाग ओतणारे एक आजोबा कारखान्याची मळी वापरायचे, घरगुती कामाला काकवी बरी, कुठल्याही गुऱ्हाळावर मिळते.

पावसाळी हवेत भाजलेला गाभा ओल ओढतो. ज्या दिवशी ओतणार त्याच दिवशी भाजा.

जुना_मोल्डर:

काकवीचा गाभा चांगलाच. सोडियम सिलिकेट आणि कार्बन डायऑक्साइडनंही होतो, झटपट होतो, पण फोडताना घाम निघतो. तुझ्या शंकूला काकवीच बरी.

गाभा बसवायचा कसा ते नीट वाच, पितळाला इथंच फसगत होते. पितळाची घनता साडेआठच्या आसपास, वाळूच्या गाभ्याची दीड-पावणेदोन. म्हणजे पितळ आत आलं की गाभा स्वतःच्या वजनाच्या चौपट जोरानं वर उसळी मारतो. अ‍ॅल्युमिनियमला हे जाणवणार नाही, म्हणून त्याच्यावर हात बसला तरी इथं गाफील राहू नकोस.

शंकू टोक खाली, तोंड वर असा खालच्या पेटीत ठेव. तसा तो वर सरळ सुटतो, पॅटर्न दोन भागांत कापायला नको. गाभा तोंडाच्या वर बोटभर लांब कर, तेवढा भाग वरच्या पेटीत केलेल्या खाचेत बसेल. उसळी आली की तो वरच्या पेटीवरच दाबला जाईल, जाग्यावर राहील. खालच्या टोकाशी ३ मिमीचा पितळी खिळा टेकू म्हणून दे, तो ओतकामात विरून जातो. गेट, म्हणजे धातू आत शिरायची वाट, शंकूच्या काठावर, दोन पेट्यांच्या सांध्यात. गाभ्यातली वाफेची नळी वरच्या पेटीतून आरपार बाहेर निघाली पाहिजे. आणि वरच्या पेटीवर वजन ठेव, दोन विटा नव्हे, चांगलं वजन. नाहीतर पितळ पेटी उचलून सांध्यातून बाहेर पडतं.

टोकाची गाठ लहान ठेव. ३ मिमीची भिंत आधी गोठते, मग जाड गाठीला वरून धातू मिळत नाही आणि आत पोकळी पडते. तिथं तू भोक पाडणारच आहेस, थोडी पोकळी त्यात जाईल. भोक साच्यात करू नकोस, नंतर ड्रिलनं पाड.

मापाचं: पितळ गोठून गार होताना दीड टक्का आकसतं, ८० मिमीला सव्वा मिमी. आतलं मापही तेवढंच कमी होतं. शिंगाचं माप घेतलंस ते जसंच्या तसं गाभ्याला देऊ नकोस.

मूस_आणि_मेण:

पितळाबद्दल आणखी एक. जस्त ९०७ अंशाला उकळतं, तुम्ही ओतणार हजाराच्या वर. पांढरा धूर निघायला लागला की तापमान पुरे झालं, पुढं तापवत बसायचं नाही. वर काचेच्या चुऱ्याचा किंवा बोरॅक्सचा थर द्या, जस्त कमी उडतं. तो धूर छातीत गेला तर संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. उघड्यावर ओता, वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं राहून. जुन्या नळांचं भंगार शक्यतो टाळा, त्यात शिसं असतं. आणि कोबा किंवा फरशीवर ओतू नका, सांडलं तर काँक्रीटमधली ओल भडकून तुकडे उडतात. खाली कोरड्या वाळूचा जाड थर हवा. कोरडी सिलिका चाळताना तोंडाला साधा रुमाल पुरत नाही, धुळीचा मास्क घ्या.

येरळाकाठ:

हे सगळं वहीत उतरवून घेतलं. मावसभावाला पोत्याचं सांगितलंय, कुंभारकाकांना गाभे भाजायला आव्यात जागा मागितली आहे, म्हणजे तेही नाराज नाहीत. आव्यात काकवीचे गाभे भाजले तर चालेल ना? घरातल्या ओव्हनला हात लावू देत नाहीत.

गुऱ्हाळघर:

पेटलेल्या आव्यात अजिबात नको, तिथं काकवी जळून जाईल आणि वाळू उरेल. आवा विझल्यावर, हात जवळ नेता येईल इतका निवला की काठावर ठेवा. नाहीतर पत्र्याचा डबा उलटा घालून चुलीच्या निखाऱ्यावर.

जुना_मोल्डर:

१९१० साली वसलेली किर्लोस्करवाडी तुझ्यापासून लांब नाही. त्या भागात निवृत्त मोल्डर सापडेल, पहिल्या दिवशी त्यांना बोलाव. वाळूत पाणी किती हे ते मुठीत धरून सांगतील, इथं लिहून तेवढं समजत नाही. आणि पितळाआधी याच पेटीत, याच गाभ्यासकट एक शेंबी अ‍ॅल्युमिनियमची ओत. कापून भिंत चारी बाजूंनी सारखी आहे का ते कॅलिपरनं बघ, एका बाजूला पातळ निघाली तर गाभा कलतोय.