सायक्लॉप्स एकटं नव्हतं

'रेडिओ असूनही सायक्लॉप्स या अमेरिकी नौदलाच्या मालवाहू जहाजाने मदतीचा एकही संदेश पाठवला नाही, म्हणजे नक्कीच काहीतरी अनाकलनीय घडलं' हे बर्म्युडा त्रिकोणाचं (अटलांटिकमधला जहाजं गूढपणे गायब होतात म्हणून गाजलेला भाग) गूढ मानणाऱ्यांचं म्हणणं मला काही पटत नाही. भरलेलं जहाज मोडलं किंवा उलटलं तर सगळा कारभार काही मिनिटांत आटोपतो, संदेश पाठवायला उसंत कुठली! मार्च १९१८ मध्ये बार्बाडोसहून बाल्टिमोरकडे निघालेलं हे जहाज ३०६ माणसांसह गेलं, ते खरंच. पण त्याची दोन भगिनी-जहाजं, प्रोटियस आणि नीरियस, १९४१ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये त्याच उत्तर अटलांटिकमध्ये अशीच बेपत्ता झाली, हे त्या म्हणण्यात येत नाही.

ही तिन्ही जहाजं बांधली होती कोळसा वाहायला. शेवटच्या फेरीत मात्र सायक्लॉप्सवर मँगनीजचं खनिज होतं आणि इतर दोघांवर बॉक्साइट, म्हणजे अॅल्युमिनियमचं खनिज. मँगनीजचं खनिज कोळशाच्या दुपटीहून जड, त्यामुळे तळघर अर्धं रिकामं दिसत असतानाच जहाज क्षमतेबाहेर भरलेलं असू शकतं. त्यात सायक्लॉप्सचं एक इंजिन आधीच निकामी झालेलं. वर्षानुवर्षं कोळशामुळे आतल्या लांब तुळया गंजल्या असाव्यात आणि वादळात जहाज मधोमध मोडलं असावं, असाही एक तर्क आहे. अवशेष सापडलेले नाहीत, तेव्हा हा तर्कच. तरी एकाच घडणीची तीन जहाजं जड खनिज घेऊन बुडतात, तेव्हा मी तरी आधी जहाजाच्या सांगाड्यावर संशय घेईन, त्रिकोणावर नंतर. (चौथं भगिनी-जहाज ज्युपिटर. त्याचं पुढे लँगली हे अमेरिकेचं पहिलं विमानवाहू जहाज झालं.)