उपचार संपले, कामावर अर्धा दिवस की थेट पूर्ण वेळ?

पाऊलवाट: स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, केमोच्या सहा सायकल, मग रेडिएशन. ते संपून पाच आठवडे झाले. डॉक्टर म्हणाले, जा कामावर. गेले, पहिल्याच दिवसापासून पूर्ण वेळ. दुपारी तीनच्या मीटिंगमध्ये 'इन्व्हॉइस' हा शब्दच आठवेना. 'ते... पैसे मागायचा कागद,' म्हणाले. सगळे हसले, मीही हसले. नंतर बाथरूममध्ये दहा मिनिटं नुसती बसून होते.

माझं मत: पहिले दोन-तीन महिने अर्धाच दिवस, तोही साहेबांशी आधी बोलून. फिट सर्टिफिकेट मिळालं म्हणजे आठ तास झेपतील असं नाही.

खडूस: असहमत. अर्धा दिवस म्हणजे पगार अर्धा आणि काम पाऊण. माझी बायपास झाली. छातीचं हाड जुळायला दोन-तीन महिने लागतात, तेवढे घरी काढले आणि मग थेट पूर्ण वेळ. अर्धवेळवाल्याला 'त्रास नको' म्हणत म्हणत फायली लावायला बसवतात.

पाऊलवाट: बायपास आणि केमो एका मापात नका हो घालू. केमोचा थकवा झोप काढून जात नाही, महिनोन्महिने रेंगाळतो. केमोतल्या टॅक्सेन गटातल्या औषधांनी बोटांच्या नसांवर परिणाम होतो. शर्टाचं बटण लावताना कळतं. काखेतल्या गाठी काढल्यात, त्या हाताला सूज येऊ शकते, म्हणून लॅपटॉपची बॅग दुसऱ्या खांद्यावर.

सरळरेषा: विसरायला तर सगळ्यांनाच होतं. असो. मला टीमची बाजू मांडायचीय. शेजारची सहकारी आजारपणानंतर अर्धा दिवस यायची. उरलेलं काम न विचारता माझ्या टेबलावर, चार महिने. राग व्यवस्थापनाचा, निघायचा तिच्यावर. याची मला अजून लाज वाटते.

पाऊलवाट: 'सगळ्यांनाच होतं' हे वाक्य आम्ही रोज ऐकतो, कृपया नको. बाकी मुद्दा शंभर टक्के मान्य. काम कुणाकडे जाणार ते आधी ठरायलाच हवं.

खडूस: म्हणूनच म्हणतो, सांगूच नका. आजार कळला की बढतीच्या यादीतून नाव गेलंच.

पाऊलवाट: माझे केस जेमतेम अर्धं बोट आलेत, लपवू काय? आणि आजाराचं पुराण कुठे सांगायचंय! गरज सांगायची: तीननंतर मीटिंग नको, सूचना लेखी द्या, तपासणीच्या दिवशी रजा. कॅन्सर परत येऊ नये म्हणून हार्मोनची गोळी पाच वर्षं चालणार आहे, तपासण्याही चालूच राहणार.

खडूस: लेखी सूचनांचं पटलं. पण अर्धा दिवस घ्यालच, तर पूर्ण वेळेवर परतायची तारीखही लिहून घ्या. नाहीतर तोच कायमचा होतो, आणि पगारही.

पाऊलवाट: घेते. डॉक्टरांच्या सल्ल्याने ती पुढे ढकलता येईल, हेही त्याच कागदावर.