जलमार्गातून उपसलेला गाळ कामाला कसा लावायचा?

खोलीमोजणी
नदीतल्या नौकानयन मार्गाचा वार्षिक उपसा साधारण ४०,००० घनमीटर. वरच्या टप्प्यातून १५,००० घनमीटर बऱ्यापैकी स्वच्छ वाळू, खालच्या टप्प्यातून २५,००० घनमीटर काळा चिकट गाळ. दोन्ही कटर सक्शन ड्रेजरने (तळ कापून माल पाण्यासकट पंपाने ओढणारं यंत्र) काठावरच्या एकाच तळ्यात सोडतात आणि ते तळं आता भरलंय. भराव, विटा किंवा शेतमाती असा वापर डोक्यात आहे. चाचण्या कोणत्या कराव्यात? गाळ वाळवायला जागा किती लागेल?

साका
आधी जुन्या तळ्याचं बघा. पाइपच्या तोंडाशी वाळू लगेच बसते, बारीक माल वाहत सांडव्याकडे जातो. म्हणजे तोंडाजवळचा ढीग बहुधा वाळूचाच असणार. तिथे चार-पाच खड्डे घेऊन चाळणी करा. ७५ मायक्रॉनखालचा माल कमी निघाला तर ती वाळू उचला, तेवढी जागा फुकटात मोकळी होईल. पुढच्या उपशापासून मात्र दोन टप्प्यांचा माल वेगळाच ठेवा. एकदा मिसळला की वेगळा करायला हायड्रोसायक्लोन (गरगर फिरवून वाळू आणि गाळ वेगळे करणारी यंत्रं) बसवावे लागतात.

आता जागेचा हिशोब. तुमच्या गाळात घनमीटरमागे ०.७ टन कोरडा माल धरू. कटर सक्शनची स्लरी (गाळ-पाण्याचं मिश्रण) वजनाने १० टक्के घन असेल तर १ घनमीटर गाळाची साडेसहा घनमीटर स्लरी होते. तुमची खरी अडचण हे पाणी आहे. ते सांडव्यावरून निघून गेल्यावरही गाळ सुरुवातीचे काही महिने फुगलेलाच राहतो. दीडपट धरा, म्हणजे ३७,५०० घनमीटर. थर १ मीटरचा ठेवला तर पावणेचार हेक्टर. बांधाची उंची थर १ मीटर, त्यावर पाणी ६० सेंटीमीटर आणि मोकळी ६० सेंटीमीटर अशी २.२ मीटर.

जागा वाचवायला थर ४ मीटरचा करू नका. वर पापुद्रा धरतो आणि खालचा माल वर्षानुवर्षं दह्यासारखा राहतो. उपसा संपला की सांडव्याच्या फळ्या एकेक करून काढा, साचलेलं पाणी घालवा. पापुद्र्याला भेगा पडल्या की आधी बांधालगत उथळ चर मारा, मग पापुद्रा जाड होईल तसे ते खोल करत आतपर्यंत न्या. पहिल्याच दिवशी खोल चर मारला तर तो रात्रीतून मिटतो.

ओला_नमुना
काळा रंग बहुतेक वेळा लोहाच्या सल्फाइडचा असतो. अशा गाळात पायराइट (लोह-गंधकाचं खनिज) असेल तर ओला असताना पीएच ७ दिसतो, वाळून हवा लागली की ४ च्याही खाली जातो आणि धरून ठेवलेले धातू सुटतात. म्हणून नमुना काठोकाठ भरून हवाबंद आणि थंड ठेवा, नाहीतर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत तो बदललेला असतो. हायड्रोजन पेरॉक्साइड घालून पीएच बघा, म्हणजे वाळल्यावर काय होणार ते आधीच कळेल.

बाकी: हायड्रोमीटरने कणांचा आकार, लिक्विड व प्लास्टिक लिमिट (किती पाण्याला माती वाहू लागते आणि किती पाण्याला मळता येते), सेंद्रिय भाग, क्षारता, जड धातू, तेलकट प्रदूषक, आणि लीचिंग. निव्वळ एकूण धातू मोजून भागत नाही, पाण्यात किती उतरतात हेही हवं. शिवाय प्रदूषण मुख्यतः ६३ मायक्रॉनखालच्या कणांना चिकटलेलं असतं. वाळू वेगळी केली की ती स्वच्छ निघते, पण उरलेल्या गाळात प्रति किलो प्रमाण वाढतं. जर्मनीत हॅम्बुर्गचा मेथा प्रकल्प १९९३ पासून एल्ब नदीचा गाळ असाच वेगळा करत आला आहे. तिथेही बारीक भागाची सोय स्वतंत्रच करावी लागते.

विटांबाबत माझा उत्साह कमी आहे. सेंद्रिय भाग जास्त असेल तर विटेचं पोट काळं राहतं, क्षार असतील तर लोणा फुटतो, चुनखडीचे खडे राहिले तर भाजल्यावर फुटतात. भरावासाठी कोरड्या वजनाच्या ५ ते १० टक्के सिमेंट ही चाचणीची सुरुवात धरा. सेंद्रिय आम्लं सिमेंटला पकडू देत नाहीत, त्यामुळे ७ आणि २८ दिवसांचे नमुने दाबून पाहिल्याशिवाय प्रमाण ठरवू नका.

खोलीमोजणी
जिओट्यूब (पाणी झिरपू देणाऱ्या कापडाच्या मोठ्या पिशव्या) वापरल्या तर? की ड्रेजरच बदलावा?

काठावरचा
जिओट्यूबने जागा वाचते, पण सगळी भिस्त पॉलिमरवर (बारीक कणांचे गोळे करणारं रसायन). ड्रेजर वाळूतून चिकणमातीत शिरला की मात्रा बदलावी लागते. जास्त झाली तर कापडाची छिद्रं बुजतात, कमी पडली तर पाणी गढूळ येतं. रोज बरणीत मात्रेची चाचणी घ्यायची तयारी असेल तरच त्या वाटेला जा.

शेतमाती हवी असेल तर ग्रॅब ड्रेजर (पंजाने गाळ उचलणारा) आणि बार्ज (सपाट तळाची मालवाहू नाव) यांचं गणित नक्की मांडा. ग्रॅबने गाळ जवळजवळ मूळ घनतेत येतो, साडेसहापट पाणी उचलावंच लागत नाही. २००४ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय नदीवरच्या पिओरिया तलावाचा गाळ बार्जने शिकागोला नेऊन जुन्या पोलाद कारखान्याच्या जागेवर माती म्हणून पसरला होता. वाळताना मोठी ढेकळं होतात, ती ओल-वाळ सोसून फुटेपर्यंत पेरणी करू नका. खाडीजवळचा माल असेल तर सोडियमही तपासा, नुसत्या पावसाने क्षार धुतले तर माती चिखलट होऊन बसते. आधी जिप्सम लागतं.

वाळू मात्र सगळी विकू नका. नदीतून ती कायमची गेली की खालचा तळ खोल होतो आणि काठ ढासळतात. अमेरिकेतल्या अॅचाफलाया नदीत हॉर्सशू बेंडजवळ उपसलेला माल एका उथळ्याच्या वरच्या अंगाला टाकत गेले. प्रवाहानेच तो पसरवून सुमारे ३५ हेक्टरचं बेट बनवलं. तुमच्याकडे तसं करायचं तर टाकण्याची जागा अशाच एखाद्या उथळ्याच्या वरच्या अंगाला, पण मुख्य धारेबाहेर हवी. धारेत टाकलीत तर तीच वाळू पुढच्या वर्षी पुन्हा मोजाल.