नकाशा मंजुरी म्हणे घरबसल्या!

मानेवाडाकर
काल सजग_नागरिक यांनी इथे लिहिलं, ‘नकाशा मंजुरी आता ऑनलाइन आहे. दीड हजार फुटांपर्यंत परवानगीचं झंझटच नाही, तीन हजारांपर्यंत १० दिवसांत काम. तरी नागपूरकर रडतात, कारण त्यांना नियम पाळायचेच नाहीत.’ वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहून राहिलो.

भाऊ, तुम्ही स्वतः नकाशा कधी टाकला का? माझा प्लॉट १४०० फुटांचा. बाबांनी सोसायटीकडून घेतला तेव्हा तिथे पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, उभी होती. तुमच्या हिशेबाने मी पावती फाडून दुसऱ्या दिवशी पायवा खोदायला पाहिजे होता. पण आधी आरएल, म्हणजे प्लॉट नियमित केल्याचं पत्र, दाखवा. आरएल आहे, तर त्यावर नाव बाबांचं, आणि बाबा गेले. वारसांची नावं चढवा. चढवायला गेलो तर बहिणीच्या आधारवर सासरचं नाव, जुन्या कागदावर माहेरचं. तेही निस्तरलं.

मग नकाशा चढवला, तर कॉम्प्युटरनेच परत केला. आमच्या इंजिनिअरने पडद्यावर मोठं करून दाखवलं. जिन्याच्या चौकोनात एका कोपऱ्यात दोन रेषा भिडलेल्या नव्हत्या, मध्ये केसाएवढी फट. चौकोन बंद नाही म्हणून क्षेत्रफळ निघत नाही, म्हणून फाइल बाद. फट बुजवली, तर साहेबांनी नवीन त्रुटी काढली की मोजणीची शीट जुनी आहे. अहो, मग ती पहिल्याच दिवशी दिसली नाही का? सगळ्या त्रुटी एकदम सांगायला काय जातं?

इकडे घरभाडं चालू, लोखंडाचा भाव चालू. नियम पाळायला गेलो म्हणूनच तर अडकलो राजेहो. मागच्या गल्लीत ज्याने एक कागद टाकला नाही, त्याच्या वास्तुशांतीचं जेवून आलो मी.

सजग_नागरिक
मानेवाडाकर, माझं वाक्य अर्धवट घेऊ नका. २०२० च्या यूडीसीपीआरमध्ये, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियमावलीत, १५० चौरस मीटरपर्यंत नकाशा दिला, शुल्क भरलं की पावती हीच परवानगी. पण प्लॉट तर धड पाहिजे ना! ५७२ आणि १९०० म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मंजुरी नसलेल्या ले-आऊटमधले प्लॉट लोकांनी स्वस्तात मिळाले म्हणून घेतले. तेव्हा अकृषक आहे का, हे कोणी विचारलं नाही. आता रस्ता पाहिजे, नाली पाहिजे, मंजुरीही पाहिजे, तीही उद्याच. २३ सप्टेंबर २०२३ विसरले का? अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला आणि रात्रीतून घराघरात पाणी. कुठेही, कसंही बांधायचं, मग वरून सरकारच्या नावाने शंख करायचा.

तर्रीपोहा
अंबाझरी लेआऊट, डागा लेआऊटमध्ये पाणी घुसलं होतं भाऊ. तिथे काय सगळे गुंठेवारीवाले, म्हणजे शेतीचे विनापरवानगी तुकडे घेणारे, राहतात का? उदाहरण तरी आपल्या बाजूचं द्या.

नकाशेवाला
याच धंद्यात केस पांढरे केले, म्हणून दोघांनाही सांगतो. एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम ४५ मध्ये ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असं मानायची सोय आहे. नकाशा नियमात बसत असेल तरच, हे वेगळं सांगायला नको. पण त्रुटी काढली की तुमच्या उत्तराच्या तारखेपासून ६० दिवस परत सुरू. म्हणून त्रुट्या हप्त्याहप्त्याने येतात. साहेब मूर्ख आहे म्हणून नाही, तारखा त्याला तुमच्यापेक्षा चांगल्या कळतात म्हणून.

आता दुसरी बाजू. माझ्याकडे येणाऱ्या दहातले सात जण पहिला प्रश्न विचारतात, ‘मार्जिन, म्हणजे घराभोवती सोडायची मोकळी जागा, किती खाता येईल?’ सोडायचं किती, हे कोणी विचारत नाही.

बेसा_पिपळा
मुळात फाइल टाकायची कुठे, हे तरी ठरवा. १९३६ च्या कायद्याने आलेली नासुप्र, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यास, २०१९ मध्ये बरखास्त केली, मग परत जिवंत केली. मनपा आहेच. शहराबाहेर एनएमआरडीए, म्हणजे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. माझी फाइल एका टेबलवरून ‘आमच्या हद्दीत नाही’ म्हणून परत आली. दुसरीकडे गेलो, तर ‘तिकडचं पत्र आणा’. ते पत्र कोण देणार? ज्याच्या हद्दीत नाही तो.

लक्ष्मीनगरची_ताई
मार्जिनवरून आठवलं. आमच्या शेजाऱ्यांच्या मंजूर नकाशात जिना घराच्या आत आहे. वास्तुवाल्याने सांगितलं नैर्ऋत्येला घ्या, की जिना आला बाहेर, थेट आमच्या कंपाउंडला खेटून. त्यांच्या पायरीवर उभा माणूस आमच्या ओट्यावरच्या भाजीत मीठ किती पडलं ते सांगू शकतो. पावसाळ्यात त्या जिन्याचं पाणी आमच्या भिंतीवर, आतून पोपडे. तक्रार केली, बेकायदा बांधकाम पाडायची कलम ५३ ची नोटीसही गेली. त्यांनी ‘बांधकाम कायम ठेवा’ म्हणून अर्ज टाकला. अर्ज पडून आहे, जिना उभा आहे. तुम्हाला परवानगी मिळत नाही म्हणून तुम्ही रडता. ज्यांना मिळाली ते काय करतात, ते येऊन पाहा.

तर्रीपोहा
ताई, वास्तुवाल्यालाच लायसन्स द्या आता. तसाही अंतिम नकाशा तोच काढतो. 😄

मानेवाडाकर
ताई, तुमचं दुःख समजतं, पण विषय मंजुरीचा आहे, जिन्याचा नाही.

लक्ष्मीनगरची_ताई
जिन्याचाच आहे. तुमच्या नकाशात रेषा जुळेना म्हणून फाइल बाद, आणि इथे अख्खा सिमेंटचा जिना नकाशाबाहेर उभा, तो कोणत्याच कॉम्प्युटरला दिसेना. कागद तपासणारे भरपूर, जागेवर येऊन फीता धरणारा कोणी नाही.

सजग_नागरिक
ताई, हेच तर मी म्हणतो! लोकच बदमाश आहेत.

लक्ष्मीनगरची_ताई
नाही, तुम्ही हे म्हणत नव्हता. तुम्ही म्हणत होता सगळं छान चाललंय. माझ्या भिंतीवर तुमची पोळी भाजू नका.

बेसा_पिपळा
शेजाऱ्यांनी बाथरूमचं आउटलेट मार्जिनमध्ये सोडलं असेल तर तक्रार कुठे करायची? आमच्याकडे तोही प्रकार आहे.

तर्रीपोहा
घ्या, निघाले सगळ्यांचे शेजारी.

सजग_नागरिक
मानेवाडाकर, एक विचारू? तुमची वरची गॅलरी नकाशात आहे तेवढीच बांधणार ना? की नंतर ग्रिल लावून एक खोली?

मानेवाडाकर
बांधू तर द्या आधी! जोत्याचा पत्ता नाही आणि हे गॅलरी मोजून राहिले. तुमचा बिल्डरचा फ्लॅट ना? भोगवटा प्रमाणपत्र आहे का त्याला? टाका इथे, बाकीची माहिती पुसून टाका हवं तर.

सजग_नागरिक
ते सोसायटीचं काम आहे. प्रक्रियेत आहे.

मानेवाडाकर
ऑनलाइन आहे ना सगळं? १० दिवस लागतात म्हणे.

नकाशेवाला
😀 हाणला.

सजग_नागरिक
ठीक आहे बाप्पा. तुमच्या केसमध्ये त्रुट्या एकदम द्यायला पाहिजे होत्या, एवढं मान्य. ‘लोक रडतात’ हे मागे घेत नाही, समोर पुरावा आहे. गुंठेवारीतले कधीपर्यंतचे प्लॉट नियमित करायचे, ती तारीख २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंत नेली, आधी १ जानेवारी २००१ होती. ज्यांनी मंजूर ले-आऊटमध्ये महाग प्लॉट घेतले ते येडे ठरले.

मानेवाडाकर
पऱ्हाटीत प्लॉट पाडून विकणारा सुटला, नियमित करायचे पैसे आम्ही भरले. डिमांड नोट आम्हाला आली, त्याला नाही. मान्य करताना तरी मोजूनमापून करू नका.

लक्ष्मीनगरची_ताई
नकाशेवाला भाऊ, त्या ‘कायम ठेवा’ अर्जाचं काय होतं पुढे?

नकाशेवाला
अर्जाचा निकाल लागेपर्यंत पाडायची कारवाई थांबते ताई, कायद्यातच आहे. अर्जावर लवकर निर्णय द्या म्हणून तुमच्याकडून लेखी टाका आणि आवक क्रमांक घ्या. जमलं तर माहिती अधिकारात त्यांच्या मंजूर नकाशाची प्रत मागा. जिना आत दाखवलेला नकाशा हातात असला की बोलणंच वेगळं होतं. छज्ज्यावरून मात्र भांडू नका. ठरावीक रुंदीपर्यंत तो मार्जिनमध्ये चालतो आणि तेवढ्यावर ते अख्खी तक्रार उडवतात.

लक्ष्मीनगरची_ताई
छज्जा तर माझाच आहे त्या बाजूला.

तर्रीपोहा
अरे बापरे. ताई, रुंदी किती?