मदत हवी आहे: श्वासनलिकेच्या स्नायूत कॅल्शियम आतून येतं की बाहेरून?

नमस्कार. शरीरक्रियाशास्त्रात एमएस्सी करते आहे. पुढच्या आठवड्यात सेमिनार आहे आणि एका जागी दोन दिवस अडकून बसले आहे. बहिणीला लहानपणापासून दमा आहे, म्हणून हा विषय मी मागून घेतला. पाठ करून उभं राहायचं नाही, समजून बोलायचं आहे.

मला कळलंय ते असं. व्हेगस चेतेच्या टोकांतून सुटलेलं असिटिलकोलिन हे संदेशवाहक रसायन स्नायूपेशीवरच्या एम३ रिसेप्टरला चिकटतं. तो जीक्यू प्रथिनाला जागं करतो, ते फॉस्फोलायपेज सी या विकराला. हे विकर पेशीपटलातला पीआयपी२ हा मेदरेणू तोडतं, त्यातून आयपी३ सुटतो आणि सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलम या पेशीतल्या कॅल्शियमच्या साठ्यावरचं दार उघडतो. साठ्यातलं कॅल्शियम पेशीरसात येतं, कॅल्मोड्युलिनला जाऊन मिळतं, मग मायोसिन लाइट चेन कायनेज हे आकुंचन घडवणारं विकर कामाला लागतं आणि स्नायू आखडतो. हिस्टामिनचा रिसेप्टर वेगळा, एच१, पण पुढची वाट तीच.

आता अडचण. निफेडिपिन हे कॅल्शियम-वाहिनी अडवणारं औषध दिलं की पोटॅशियम क्लोराइडने येणारं आकुंचन जवळपास बंद पडतं, असिटिलकोलिनचं मात्र फारसं कमी होत नाही. म्हणून मी धरलं की असिटिलकोलिनचं कॅल्शियम आतलंच. पण भोवतालच्या द्रावातलं कॅल्शियम काढलं, तर पहिली उसळी येते आणि काही मिनिटांत सगळं थंड होतं. साठा आतला आहे, तर बाहेरचं काढल्याने का थांबावं?

आणखी एक. पहिल्या उसळीनंतर आलेखात कॅल्शियम बरंच खाली उतरतं, तरी स्नायू आखडलेलाच राहतो. हे कसं? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १
तुमची साखळी बरोबर आहे. गोंधळ एवढाच, की निफेडिपिन बाहेरून येण्याची एकच वाट अडवतं, विद्युतदाबावर उघडणाऱ्या एल-प्रकारच्या वाहिन्यांची. पोटॅशियम क्लोराइड पटलाचा विद्युतदाब बदलून त्याच वाटेने काम करतं, म्हणून ते पकडलं जातं.

बाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट जास्त असतं. पेशीरसात ते वाढलं की सर्का पंप काही भाग साठ्यात परत ओढतो, पण पेशीपटलावरचे पंप काही भाग बाहेर फेकतात. दर वेळी थोडी गळती होतेच. साठा उतरला की त्याच्या पटलातलं स्टिम१ प्रथिन ते ओळखतं आणि पेशीपटलावरची ओराय१ ही कॅल्शियम-वाहिनी उघडतं. निफेडिपिन ओरायला अडवत नाही. बाहेरचं काढून टाकलंत, तर भरपाई थांबते आणि साठा संपेपर्यंतच खेळ चालतो.

प्रतिसाद २
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. तुमचा आलेख बहुधा अनेक पेशींची सरासरी आहे. एकेक पेशी पाहिली तर कॅल्शियम खाली बसलेलं नसतं, लाटांमागून लाटा येत असतात. शेजारच्या पेशींच्या लाटा एका तालात नसल्यामुळे सरासरीत त्या पुसल्या जातात. आकुंचन किती टिकेल हे लाटांच्या वारंवारितेवर बरंच अवलंबून असतं. शिवाय ऱ्हो-कायनेज हे विकर आकुंचन सोडवणाऱ्या मायोसिन फॉस्फेटेजला दाबून ठेवतं, त्यामुळे तेवढ्याच कॅल्शियमवर जास्त ताण टिकतो.

बहिणीसाठी विषय घेतला आहे, तर हेही सेमिनारमध्ये सांगा: साल्ब्युटामॉल हे दम्याच्या इनहेलरमधलं औषध बीटा२ रिसेप्टरमार्फत सीएएमपी हा पेशीतला संदेशवाहक रेणू वाढवतं, त्याने लाटा विरळ होतात आणि स्नायू कॅल्शियमला कमी दाद देतो. दोन्ही बाजूंनी आराम.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. सरासरीचं तर डोक्यातच आलं नव्हतं. एक पडताळणी करते: थॅप्सिगार्गिनने सर्का बंद केला, तर असिटिलकोलिन न देताही साठा रिकामा होईल आणि निफेडिपिन असूनही बाहेरचं कॅल्शियम आत येईल. बरोबर?

प्रतिसाद १
अगदी बरोबर. हाच प्रयोग स्लाइडवर घ्या. तुम्हाला पडलेला प्रश्न वर्गातही कुणालातरी पडणारच.